ठिपका दिसला म्हणजे नेम साधला नव्हे

शस्त्रखरेदी ही आपल्याकडे मोठी बातमी होते. शस्त्र चालविण्याचा सराव ही कधीच बातमी होत नाही. २०१९ साली लष्करासाठी अमेरिकन बनावटीच्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला, तेव्हा वृत्तपत्रांची पाने त्या रायफलींच्या छायाचित्रांनी सजली. २०२१ च्या डिसेंबरात अमेठीजवळच्या कोरवा येथे ६ लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनविण्याचा करार झाला, तेव्हाही तेच घडले. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु ही रायफल ज्याच्या हाती जाणार, त्या जवानाला वा पोलीस शिपायाला वर्षाकाठी किती गोळ्या प्रत्यक्ष झाडावयास मिळणार, हा प्रश्न कोणत्या संपादकाने विचारला? कोणत्या लोकप्रतिनिधीने सभागृह दणाणून सोडले? शस्त्राची किंमत आपण कोटींत मोजतो. ते शस्त्र ज्या नेमावर अवलंबून आहे, त्या नेमाची किंमत मोजण्याची सवय मात्र आपल्या सार्वजनिक जीवनाला लागलेली नाही.

या उदासीनतेच्या पोटी एक सोयीस्कर समजूत मूळ धरू पाहते आहे. ती अशी की, आता रायफलीचा नेम जुळविण्यासाठी गोळ्या खर्च करण्याचे कारणच उरलेले नाही. ‘लेझर बोअरसाइट’ नावाचे बोटभर लांबीचे उपकरण नळीत बसवावे, समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका उमटवावा, रायफलीची माशी किंवा दुर्बीण त्या ठिपक्याशी जुळवावी; काम फत्ते! गोळी नको, चांदमारीचे मैदान नको, उस्तादाची देखरेख नको. काटकसरीच्या गोंडस नावाखाली हा युक्तिवाद केला जातो आणि ज्यांनी जन्मात कधी रायफल खांद्याला लावलेली नाही, अशा कारकुनी मनांना तो तत्काळ पटतो. म्हणूनच या समजुतीची चिरफाड करणे अगत्याचे झाले आहे.

उपकरण मुळात काय आहे?

आधी या उपकरणाला न्याय देऊ. रायफलीची नळी आणि तिच्यावर बसविलेली नेम धरण्याची साधने, म्हणजे पुढची माशी, मागची खाच अथवा दुर्बीण, यांच्या दिशा एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. नवी दुर्बीण बसविली किंवा माशी बदलली की हा मेळ बिघडतो. अशा रायफलीने थेट १०० मीटरवर गोळी झाडली, तर ती लक्ष्याच्या कागदावर कोठेच लागत नाही आणि ती किती व कोणत्या बाजूस चुकली, हेही कळत नाही. जुन्या खटक्याच्या रायफलीत यावर एक बिनखर्ची उपाय होता. बोल्ट काढून घ्यावा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी, मागून नळीतून डोळा लावून लक्ष्य नळीच्या मध्यभागी आणावे आणि मग रायफल न हलविता माशी त्याच लक्ष्याशी जुळवावी. एके जातीच्या रायफलीचा सांगाडा मागच्या बाजूने बंद असतो. तेथे असा डोळा लावता येत नाही. म्हणून लेझरचे साधन आले. कोणी ते काडतुसाच्या आकाराचे करून नळीच्या मागच्या कोठीत बसवितात, कोणी नळीच्या तोंडात दांड्याने अडकवितात, तर कोणी चुंबकाने तोंडाशी चिकटवितात.

याने काय साधते? पहिली गोळी निदान कागदावर लागते. चार-सहा गोळ्या वाचतात, वेळ वाचतो. उपकरणाचे काम येथे संपते आणि खरे काम येथून सुरू होते. सैन्यात ज्याला ‘झीरोइंग’ म्हणतात, म्हणजे ठरावीक अंतरावर, ठरावीक गोळीने, त्याच जवानाच्या हातून गोळ्या झाडून, त्यांच्या समूहाचा मध्यबिंदू नेमाच्या बिंदूशी जुळविणे, ते काम बाकीच असते. लेझर ही झीरोइंगची पूर्वतयारी आहे. पूर्वतयारीलाच परिपूर्ती समजणे म्हणजे मुहूर्तमेढ रोवली की लग्न लागले असे म्हणण्यासारखे आहे!

प्रकाश सरळ जातो, गोळी पडत जाते

आता या समजुतीचा भौतिकशास्त्राच्या कसोटीवर विचार करू. लेझरचा किरण सरळ रेषेत जातो. गोळी तशी जात नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून पृथ्वी तिला खाली ओढू लागते. ७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते. २५ मीटर जाईपर्यंत ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर खाली येते. १०० मीटरवर सुमारे ७ सेंटीमीटर. आणि ३०० मीटरवर ही घसरण अर्ध्या मीटरच्याही बरीच पुढे जाते.

दुसरी गोष्ट अशी की, नेम धरणाऱ्याचा डोळा नळीतून पाहत नाही, नळीच्या वरून पाहतो. दुर्बिणीची दृष्टिरेषा नळीच्या ५ सेंटीमीटर वर आहे असे धरू. २५ मीटरवरच्या भिंतीवर लेझरच्या ठिपक्याशी दुर्बीण तंतोतंत जुळविली, तर दृष्टिरेषा नळीच्या रेषेला त्या ठिकाणी छेदते आणि पुढे तिच्या खाली जात राहते. १०० मीटरवर ती नळीच्या रेषेहून १५ सेंटीमीटर खाली असते; गोळी मात्र ७ सेंटीमीटरच खाली आलेली असते. म्हणजे भिंतीवर ‘अचूक’ जुळविलेली ही रायफल १०० मीटरवर नेमाच्या सुमारे ८ सेंटीमीटर वर मारणार आणि ३०० मीटरवर नेमाच्या बरीच खाली. उपकरणात कोणताही दोष नसताना ही अवस्था! हिशेब येणारा मनुष्य ठिपक्याच्या वर-खाली किती जुळवायचे ते गणिताने काढू शकेल. पण त्या गणिताचा ताळा शेवटी गोळीनेच पाहावा लागतो.

कारण गणितात न मावणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. चाप ओढल्यावर गोळी नळीत धावत असतानाच रायफल मागे ढकलली जाऊ लागते आणि नळी थरथरते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड, ती शांत पडली असताना होते तेथेच असते असे नाही. लेझर शांत नळीची दिशा दाखवितो; गोळी थरथरत्या नळीतून सुटते. काडतुसांची एक खेप बदलून दुसरी आली की गोळ्यांचा समूह सरकतो. राजस्थानच्या उन्हात तापलेली दारू आणि लडाखच्या थंडीत गारठलेली दारू सारखा वेग देत नाहीत; उंचावरची विरळ हवा गोळीला कमी अडविते. जैसलमेरला जुळविलेली रायफल सियाचिनच्या पायथ्याशी पुन्हा तपासावीच लागते. लेझरच्या ठिपक्याला यांपैकी कशाचाही गंध नाही.

केसाएवढी चूक, हातभर फरक

आतापर्यंत उपकरण निर्दोष आहे असे गृहीत धरले. पण ते तसे असते का? काडतुसाच्या आकाराचे साधन फार तर ५ सेंटीमीटर लांबीचे. त्यातील किरण साधनाच्या अक्षाशी किंचित तिरपा असेल, किंवा साधन कोठीत सैल बसत असेल आणि एका टोकाला केवळ ०.१ मिलिमीटरने सरकले असेल, म्हणजे जाड केसाएवढे, तर काय होईल? ५ सेंटीमीटरला ०.१ मिलिमीटर म्हणजे ५०० ला १. हाच तिरपेपणा १०० मीटरवर २० सेंटीमीटर होतो आणि ३०० मीटरवर ६० सेंटीमीटर. माणसाच्या छातीची रुंदी तेवढी नसते! ज्याच्यावर नेम धरला तो शत्रू सुखरूप आणि त्याच्या शेजारचा ओलीस जखमी, असा हा केसाएवढ्या चुकीचा महिमा आहे.

ही चूक पकडण्याची परीक्षा सोपी आहे. रायफल घट्ट आवळून ठेवावी आणि उपकरण नळीत गोल फिरवावे. ठिपका जागच्या जागी राहिला तर किरण अक्षाशी जुळलेला. ठिपक्याने भिंतीवर वर्तुळ काढले तर तो वाकडा. असे वर्तुळ काढणारी उपकरणे बाजारात थोडी नाहीत. या स्वस्त मालाचा मोठा भाग चीनमधून येतो. ज्या देशाच्या सैन्याशी आपल्या जवानांनी २०२० साली गलवानच्या खोऱ्यात प्राणांची बाजी लावून झुंज दिली, त्याच देशाच्या कारखान्यातून आलेल्या खेळण्यावर आपल्या रायफलीचा नेम बेतावयाचा, यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटू नये काय?

आणखी एक धोका आहे, त्याची वाच्यता फार कमी होते. नळीच्या तोंडात बसविलेले साधन काढावयाचे विसरून कोणी गोळी झाडली, तर अडथळ्यामुळे दाब कोंडला जाऊन नळी फाटू शकते. अशा वेळी पहिला बळी शत्रू नसतो, रायफल धरणारा असतो. लेझरचा किरण डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते, हेही आहेच. ज्या उपकरणाला एवढी शिस्त लागते, ते ‘शिस्तीच्या कटकटीतून सुटका’ म्हणून विकले जावे, यासारखा विनोद नाही.

रायफल जुळली, माणूस जुळला का?

परंतु सर्वांत मोठा आक्षेप यांत्रिक नाहीच. लेझर नळीची दिशा सांगतो. नळीमागच्या माणसाविषयी तो मुका आहे. एकच रायफल दोन जवानांनी झाडली तर दोघांच्या गोळ्यांचे समूह नेमके एकाच जागी पडतील याची शाश्वती नसते. गाल दस्त्यावर कोठे टेकतो, डोळा खाचेपासून किती अंतरावर राहतो, खांदा धक्का कसा घेतो, श्वास कोठे रोखला जातो, बोट चाप सरळ ओढते की झटका देते, या सर्वांचा हिशेब गोळीच्या छिद्रात उमटतो. म्हणून ज्याची रायफल त्यानेच ती झीरो करावी, हा जुना दंडक आहे. तीन वा पाच गोळ्यांचा समूह एकवटलेला पण बाजूला पडला, तर साधन हलवावे. समूहच विखुरलेला असेल, तर माणसाला शिकवावे. हा विवेक उस्तादाला कागदावरची छिद्रे पाहून येतो. भिंतीवरच्या ठिपक्याला छिद्रे नसतात. तो सर्वांना उत्तीर्ण करतो!

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली, तेव्हा धनुष्याची तपासणी केली नाही. तुला काय दिसते, असे विचारले. नेम हा आधी माणसाच्या ठायी असतो, मग शस्त्राच्या. या देशाला हे नव्याने शिकविण्याची गरज पडावी, हेच दुर्दैव.

मुंबईने मोजलेली किंमत

सराव नसल्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने रक्ताने लिहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवादी एके-४७ रायफलींतून गोळ्यांचा वर्षाव करीत होते आणि त्यांच्यासमोर असलेल्या पोलिसांपैकी कोणाच्या हाती लाठी होती, कोणाच्या हाती जुनाट .३०३ रायफल. त्या स्थानकात ५० हून अधिक निरपराध प्राणांस मुकले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल उघड्या हातांनी धरून ठेवली, पोटात गोळ्या झेलल्या आणि त्याला जिवंत पकडून दिले. अशोकचक्राने गौरविलेल्या त्या शौर्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण हुतात्म्याच्या शौर्याच्या आड व्यवस्थेचा नाकर्तेपणा लपविणे, ही त्या हुतात्म्याचीच प्रतारणा आहे.

माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने २००९ साली या हल्ल्याविषयीचा अहवाल दिला. गोळ्यांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव नीट होत नव्हता, हे दुखणे त्या समितीने नोंदविले. शस्त्रांच्या दर्जावर त्या काळी पुष्कळ चर्चा झाली आणि पुढे नवी शस्त्रे आलीही. पण सरावाच्या गोळ्यांची चर्चा किती झाली? नवी रायफल खांद्यावर आणि सराव शून्य, अशा शिपायाच्या हाती लेझरने जुळविलेले शस्त्र दिले, तर गर्दीच्या फलाटावर तो कोणाला वाचविणार आहे?

विजेते गोळी वाचवीत नाहीत

ज्यांचा सगळा आयुष्यक्रमच अचूकतेवर उभा आहे, त्यांच्याकडे पाहा. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा बिंदू अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ५० मीटरच्या रायफल प्रकारात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे. या स्पर्धांत खेळाडूला गुण मोजले जाण्याआधी चाचणीच्या गोळ्या झाडण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. का? जगातील सर्वोत्तम रायफल, सर्वोत्तम साधने आणि सर्वोत्तम डोळा असूनही, त्या दिवशी, त्या जागी, त्या प्रकाशात गोळी कोठे लागते, हे गोळीलाच विचारावे लागते. २००८ साली बीजिंगला अंतिम फेरीपूर्वी अभिनव बिंद्रा यांच्या रायफलीचा नेम हललेला निघाला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ते कशाने उघडकीस आले? चाचणीच्या गोळीने. ती गोळी झाडली नसती, तर भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण कोणा दुसऱ्याच्या गळ्यात पडले असते.

५० मीटर प्रकारातले नेमबाज तर काडतुसांची एकेक खेप आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी खेप सर्वांत घट्ट समूह देईल तीच विकत घेतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले. ही पदके भिंतीवरच्या ठिपक्यांनी मिळालेली नाहीत. हजारो गोळ्यांच्या, हजारो तासांच्या तपश्चर्येची ती फळे आहेत. पदकासाठी एवढे, आणि प्राणासाठी त्याहून कमी?

काटकसर नव्हे, कद्रूपणा

यावर एक ठरीव उत्तर येते: गोळ्या महाग आहेत. महाग आहेत, मान्य. पण त्या कोठे बनतात? पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लहान शस्त्रांची काडतुसे बनवितो. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना होऊन दारूगोळ्याचे कारखाने ज्या कंपनीकडे सोपविले गेले, त्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यातच आहे. काडतूस बनविण्याची विद्या, यंत्रे आणि कुशल हात महाराष्ट्राच्या भूमीवर असताना महाराष्ट्राच्या शिपायाला सरावाची गोळी दुर्मीळ का असावी? आडात पाणी आहे. पोहरा सोडायचा कंटाळा आहे, एवढेच याचे उत्तर आहे.

अंदाजपत्रकात कात्री लावावयाची झाली की सर्वप्रथम सरावाच्या गोळ्यांवर लागते. कारण झाडलेल्या गोळीचे उद्घाटन करता येत नाही, तिच्यासमोर फीत कापता येत नाही. उपकरणाची खरेदी दिसते. सराव दिसत नाही. शिवाय चांदमारीची मैदाने शहरांच्या वाढत्या वस्तीने वेढली गेली आहेत आणि त्यांच्या बदल्यात नवी मैदाने उभारण्याची घाई कोणालाच नाही. अशा स्थितीत ‘लेझर आहे ना!’ हे वाक्य अकर्मण्यतेला मिळालेले नवे निमित्त ठरते.

आमचा विरोध यंत्राला नाही. प्रत्येक तुकडीच्या शस्त्रागारात उत्तम बोअरसाइट जरूर असावे. रणगाड्याची तोफ तापली की तिची नळी किंचित वाकते. म्हणून तिचा मेळ उपकरणाने वारंवार तपासला जातो. पण म्हणून रणगाड्यांचे गोळाफेकीचे सराव कोणी बंद केलेले नाहीत. रायफलीच्या बाबतीतही तेच तारतम्य हवे. प्रकाशिकी उपकरणांवर काम करणारी डेहराडूनची संरक्षण प्रयोगशाळा आणि पुण्यातील पाषाणची आयुध संशोधन संस्था आपल्या हाताशी आहेत. आपल्या रायफलींच्या नळ्यांना नेमके बसणारे, फिरवून पारखलेले स्वदेशी बोअरसाइट त्यांच्या देखरेखीखाली तयार व्हावे आणि तपासणीचा शिक्का असल्याशिवाय असे एकही साधन शस्त्रागारात शिरू नये.

त्याचबरोबर सरावाच्या गोळ्यांची तरतूद स्वतंत्र शीर्षाखाली व्हावी, म्हणजे ती दुसरीकडे वळविता येणार नाही. प्रत्येक जवान आणि प्रत्येक शिपाई यांची रायफल ठरलेली असावी. ती कोणत्या दिवशी, कोणत्या खेपेच्या काडतुसांनी, किती अंतरावर झीरो झाली, याची नोंदवही त्या रायफलीसोबत राहावी. इन्सासच्या ५.५६ मिलिमीटरकडून ७.६२ मिलिमीटरच्या नव्या रायफलींकडे सैन्य वळत असताना तर हे अधिकच निकडीचे आहे. गोळी बदलली की तिचा मार्ग बदलतो, धक्का बदलतो, जुनी सवय मोडून नवी घडवावी लागते. ती सवय गोळ्या झाडूनच घडते.

वाचकांनी हा प्रश्न केवळ सैन्याचा आणि पोलिसांचा समजू नये. त्यांच्या गोळ्यांचे पैसे आपल्या करातून जातात आणि त्यांच्या चुकलेल्या नेमाची किंमत आपल्याच घरातली माणसे मोजतात. आपल्या भागाचा आमदार, खासदार मतांसाठी दारी येईल तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हाही प्रश्न त्याला विचारा: आमच्या पोलीस ठाण्यातल्या शिपायाने गेल्या वर्षात प्रत्यक्ष किती गोळ्या झाडल्या? उत्तर आकड्यांत मागा. उपकरणांची यादी वाचून दाखवू लागला, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा.